गुणसूत्रांच्या हिशेबातून वनस्पतींची नाती उलगडणाऱ्या जानकी अम्मल

विष्णुपुरी (जि. नांदेड) : नोव्हेंबर उजाडला, की गोदावरीच्या या काठावर दोन गोष्टी एकाच वेळी नजरेस पडतात. एकीकडे गळीत हंगामाची लगबग सुरू झालेली असते. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या आणि उसाने लादलेले ट्रॅक्टर रस्त्यावर दिसू लागतात. दुसरीकडे नदीकाठच्या ओलीत कास नावाचे रानगवत पांढरेशुभ्र तुरे मिरवीत उभे असते. उसाला भाव मिळतो. कासाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. बांधावर आले, तर शेतकरी ते उपटून टाकतो. परंतु शास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही एकाच घरची लेकरे आहेत. आजच्या उसाच्या अंगात जो काटकपणा आहे, त्यातील मोठा वाटा या उपेक्षित गवताकडून आलेला आहे.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील शेतकरी ज्याला शहाऐंशी शून्य बत्तीस म्हणून ओळखतो, त्या को ८६०३२ या वाणातील ‘को’ हे अक्षर कोइमतूरचे आहे. तेथील ऊस पैदास संस्थेत १९३४ ते १९३९ या काळात एक महिला शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली ऊस आणि कास यांच्या पेशींतील गुणसूत्रे मोजत होत्या. पुढे त्याच विद्येच्या बळावर त्यांनी इंग्लंडमध्ये ऱ्होडोडेंड्रॉन आणि अझेलिया या पुष्पवृक्षांच्या कुळाचा हिशेब मांडला आणि जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना एक नवी दृष्टी दिली. त्यांचे नाव एडवलत कक्कट जानकी अम्मल. ४ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिन. मराठवाड्याशी त्यांचा थेट संबंध कधी आला नाही. पण येथील शेतातील दोन मुख्य नगदी पिके समजून घ्यायची, तर त्यांच्या कार्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

तलश्शेरीचे घर

जानकी यांचा जन्म १८९७ मध्ये मलबारातील तलश्शेरी येथे झाला. वडील ई. के. कृष्णन हे मद्रास इलाख्यात न्यायाधीश होते. न्यायदानाचे काम आटोपले, की त्यांचे मन पक्ष्यांत आणि झाडांत रमत असे. उत्तर मलबारातील पक्ष्यांविषयी त्यांनी लेखनही केले होते. आई देवी या जॉन चाइल्ड हॅनिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याच्या आणि मलबारी स्त्रीच्या पोटी जन्मलेल्या. सावत्र-सख्खी मिळून एकोणीस भावंडांच्या त्या मोठ्या कुटुंबात जानकी दहाव्या. घर सुशिक्षित, बाग राखणारे आणि मुलींच्या शिक्षणाला उत्तेजन देणारे होते. परंतु कुटुंब थिय्या समाजाचे, त्या काळच्या समाजव्यवस्थेत मागास गणले गेलेले. त्यात आजोबा इंग्रज. जात आणि संकर हे शब्द समाजात कोणत्या अर्थाने उच्चारले जातात, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

बहिणींची लग्ने होत गेली, तसा जानकी यांच्याही लग्नाचा विषय निघाला. त्यांनी मात्र शिक्षणाची वाट धरली. मद्रासच्या क्वीन मेरीज महाविद्यालयात व नंतर प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकून १९२१ मध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्रातील ऑनर्स पदवी मिळविली. विमेन्स ख्रिश्चन महाविद्यालयात अध्यापन सुरू असतानाच अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची बार्बर शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. आशियातील महिलांसाठी असलेली ही शिष्यवृत्ती घेऊन त्या १९२४ मध्ये अमेरिकेला रवाना झाल्या. एकट्या भारतीय तरुणीने समुद्र ओलांडून विज्ञान शिकायला जाणे, ही गोष्ट तेव्हा घरच्यांना जितकी धाडसाची, तितकीच परक्यांनाही नवलाची होती. न्यूयॉर्क बंदरात कागदपत्रांसाठी त्यांना थांबवून ठेवले असता त्यांचे लांब केस आणि रेशमी वस्त्रे पाहून त्या कोणी राजकन्या असाव्यात, असा तेथील लोकांचा समज झाल्याची आठवण सांगितली जाते.

मोजणीची विद्या

मिशिगनमध्ये हार्ली हॅरिस बार्टलेट यांच्या मार्गदर्शनाखाली त्या पेशीविज्ञानाकडे वळल्या. १९३१ मध्ये त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली. अमेरिकेत वनस्पतिशास्त्रात ही उंची गाठणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांत त्यांची गणना होते.

त्यांनी आत्मसात केलेली विद्या वरकरणी साधी आहे. वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने कांद्याच्या मुळाचे टोक काचपट्टीवर दाबून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले असते. वाढत्या मुळाच्या टोकाशी पेशींचे विभाजन सतत चालू असते. त्या घटकेला पेशीतील गुणसूत्रे आखूड दोऱ्यांसारखी स्पष्ट दिसतात आणि मोजता येतात. कांद्यात ती १६ असतात, ज्वारीत २०, माणसात ४६. मोजणारा चिकाटीचा आणि डोळा तयार असलेला हवा. कारण दोरे एकमेकांवर पडतात, काही ठिपक्याएवढे असतात आणि एका गुणसूत्राची चूक झाली, तरी सगळा निष्कर्ष ढासळतो.

केवळ मोजण्यातून नाती कशी कळतात, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर नांदेडच्या काळ्या मातीतच मिळते. येथील जुना गावरानी कापूस हा देशी गटातील. त्याच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात. आज सर्वत्र घेतला जाणारा अमेरिकी कापूस ५२ गुणसूत्रांचा. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने नावारूपाला आणलेला नांदेड ४४ हा संकरित वाण याच दुसऱ्या गटातील आहे. दोहोंचा मूळ आकडा १३. देशी कापसात त्याची दुप्पट आणि अमेरिकी कापसात चौपट. फार पूर्वी दोन भिन्न कापसांचा निसर्गतः संकर झाला, गुणसूत्रांचा संच दुप्पट झाला आणि नवी जाती उदयास आली, हे या आकड्यांच्या मागचे रहस्य. देशी आणि अमेरिकी कापसाचा थेट संकर केला, तर ३९ गुणसूत्रांचे झाड मिळते. पण विषम संचामुळे गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत आणि ते बहुधा वांझ निघते. म्हणजे आकडा पाहून कोणाचे कोणाशी जमेल, कोणाचे जमणार नाही आणि कोण आधी जन्मले, कोण मागाहून, याचा अंदाज बांधता येतो. संच वाढण्याची क्रिया निसर्गात वारंवार घडते, उलट दिशेने ती क्वचितच जाते. गुणसूत्रांची संख्या म्हणूनच वंशावळीतील खुणेच्या दगडासारखी उपयोगी पडते.

ऊस आणि कास

मायदेशी परतल्यावर त्रिवेंद्रमच्या महाराजा विज्ञान महाविद्यालयात काही काळ प्राध्यापकी करून १९३४ मध्ये जानकी कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात रुजू झाल्या. त्याआधीच तेथे चार्ल्स बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी गोड पण नाजूक उसाचा कासाशी संकर करून को २०५ हा वाण सिद्ध केला होता. हे घडते कसे आणि पुढे कोणत्या दिशेने जावे, हे सांगणारी पेशीविज्ञानाची बाजू मात्र कच्ची होती. ती जानकी यांनी भरून काढली.

जाड, रसाळ उसात ८० गुणसूत्रे असतात. कासाचे तसे नाही. ठिकाणानुसार त्याची संख्या ४० पासून १२८ पर्यंत बदलते. एकाच गवताचे इतके निरनिराळे संच आढळणे, याचा अर्थ त्याच्या पोटात विविधतेचे मोठे भांडार आहे. जानकी यांनी कासाच्या नाना प्रकारांचा अभ्यास केला. उसाचा मक्याशी, ज्वारीच्या गणगोतातील गवतांशी संकर घडवून आणला. ऊस आणि मका यांच्या संकराची नोंद त्यांनी १९३८ मध्ये शास्त्रीय जगापुढे ठेवली. १९३५ मध्येच त्या भारतीय विज्ञान अकादमीच्या सदस्य झाल्या होत्या. तरीही पुरुष सहकाऱ्यांच्या त्या वर्तुळात एका अविवाहित आणि मागास गणल्या गेलेल्या समाजातील स्त्रीला सन्मानाने काम करणे सोपे नव्हते. १९३९ च्या ऑगस्टमध्ये आनुवंशिकी परिषदेसाठी त्या एडिंबरोला गेल्या. परिषद सुरू असतानाच महायुद्धाचे ढग दाटून आले. त्या परतल्या नाहीत.

बॉम्बवर्षावात गुणसूत्रांचा कोश

१९४० पासून पाच वर्षे त्यांनी लंडनजवळच्या मर्टन येथील जॉन इनस उद्यानविद्या संस्थेत काम केले. रात्री जर्मन विमानांचे हल्ले होत, तेव्हा त्या पलंगाखाली आश्रय घेत आणि सकाळी प्रयोगशाळेतील फडताळांवरच्या काचांचा चुरा झाडून पुन्हा कामाला बसत, अशी आठवण त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितली आहे. या संस्थेतील नामवंत पेशीशास्त्रज्ञ सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश सिद्ध केला. तो १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतात, बागेत, फळबागेत माणसाने जवळ केलेल्या जगभरच्या वनस्पतींची गुणसूत्रसंख्या आणि त्यांचे मूळस्थान एका ग्रंथात आले. पैदासकारांच्या पिढ्यांना या ग्रंथाने वाट दाखविली. त्याच्या मुखपृष्ठावर डार्लिंग्टन यांच्या नावाशेजारी एका भारतीय महिलेचे नाव असावे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

अझेलियाच्या कुळाचा हिशेब

१९४६ मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने जानकी यांना आपल्या विस्ले येथील उद्यानात पेशीशास्त्रज्ञ म्हणून नेमले. तेथे वेतनावर काम करणाऱ्या त्या पहिल्या महिला शास्त्रज्ञ होत. हिमालय, चीन, जपान आणि अमेरिकेतून आणलेली शेकडो जातींची झाडे विस्लेच्या टेकडीवर लावलेली होती. त्यांतील ऱ्होडोडेंड्रॉनकडे त्यांनी मोर्चा वळविला.

हिमालयात बुरांश म्हणून ओळखला जाणारा, लाल फुलांनी डवरणारा वृक्ष हा या प्रजातीचा आपल्याकडील परिचित प्रतिनिधी. दक्षिणेत निलगिरी, पळणी आणि अण्णामलईच्या डोंगरमाथ्यांवरही त्याचा एक प्रकार वाढतो. जगात या प्रजातीच्या सुमारे हजार जाती आहेत. अझेलिया याच प्रजातीत मोडतात. लिनियसने १७५३ मध्ये पाच पुंकेसरांच्या त्या अझेलिया आणि दहा पुंकेसरांचे ते ऱ्होडोडेंड्रॉन, अशी विभागणी केली होती. पण ही सीमारेषा टिकत नाही, हे ओळखून जॉर्ज डॉन यांनी १८३४ मध्ये दोहोंना एकत्र आणले. तरीही या हजार जातींपैकी कोण कोणाचा सोयरा, हा प्रश्न फुलांच्या आणि पानांच्या ठेवणीवरून सुटत नव्हता.

अमेरिकेच्या कार्ल सॅक्स यांनी १९३० मध्ये या प्रजातीचा मूळ आकडा १३ असल्याचे दाखविले होते. कापसाचाही तोच आकडा, हा केवळ योगायोग. जानकी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह विस्लेतील आणि इतर उद्यानांतील शेकडो झाडे तपासून १९५० मध्ये ऱ्होडोडेंड्रॉनच्या गुणसूत्रसंख्यांची विस्तृत यादी प्रसिद्ध केली. तिच्यातून एक लक्षणीय चित्र उभे राहिले. ज्यांच्या पानांवर सूक्ष्म खवले नसतात, त्या मोठ्या पानांच्या जाती जवळपास सर्व २६ गुणसूत्रांच्या. खवलेधारी गटात मात्र ५२, ७८ आणि त्याहून अधिक, काही जातींत तर मूळ आकड्याच्या बारापट, म्हणजे १५६ गुणसूत्रे आढळली. बाह्य रूपावरून केलेली विभागणी पेशींच्या साक्षीनेही खरी ठरली.

रानटी अझेलियांचे चित्र याहून वेगळे आहे. अमेरिकेच्या पूर्व भागातील डोंगरांत, काळ्या समुद्राच्या परिसरात, चीन व जपानमध्ये त्या रानोमाळ फुलतात आणि बहुतेकांत २६ गुणसूत्रे असतात. परंतु अॅपलाशियन पर्वतातील ज्वालेसारख्या केशरी फुलांची अझेलिया ५२ गुणसूत्रांची आहे. ईशान्य अमेरिका आणि कॅनडाच्या थंड दलदलीत वाढणारी ऱ्होडोरा ही जातीही ५२ चीच. बागेतील पैदासकाराला केशरी अझेलियाचा संकर शेजारच्या गुलाबी अझेलियाशी केल्यावर बी का धरत नाही, याचे कोडे पडत असे. देशी आणि अमेरिकी कापसाचे जे कारण, तेच येथेही लागू पडते.

या अभ्यासाची वाटचाल पुढेही चालू राहिली. आता मुळे चिरडून मोजण्याऐवजी पेशीतील डीएनएचे एकूण प्रमाण यंत्राने मोजता येते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा तपासणीत फ्लोरिडा अझेलिया आणि किनारी अझेलिया या जातींची झाडेही प्रामुख्याने चौपट संचाची असल्याचे दिसून आले. २००८ मध्ये अलाबामा व जॉर्जिया राज्यांतून अझेलियाची एक संपूर्ण नवी जाती वर्णिली गेली. तिच्या वेगळेपणाची एक खूण हा चौपट संच हीच होती. डीएनएच्या आधारे २००५ मध्ये मांडलेल्या वंशावळीने तर आणखी एक धक्का दिला. पानगळ होणाऱ्या अझेलिया या सदाहरित अझेलियांपेक्षा मोठ्या पानांच्या ऱ्होडोडेंड्रॉनला अधिक जवळच्या निघाल्या. थोडक्यात, अझेलिया हे एक कुळ नसून, सारख्या रूपाची दोन वेगळी घराणी आहेत. दोन्हीकडे २६ हाच आकडा असल्याने केवळ मोजणीतून हे उघड झाले नसते. मोजणीची मर्यादा ती हीच. परंतु पुढच्यांनी जी इमारत बांधली, तिचा पाया जानकी यांच्यासारख्यांनी एकेक झाड तपासून घातला.

विस्लेत त्यांनी कोल्चिसिन या द्रव्याचा वापर करून रोपांचे गुणसूत्रसंच दुप्पट करण्याचेही प्रयोग केले. त्यांतून वाढलेली मॅग्नोलियाची झाडे विस्लेच्या टेकडीवर दीर्घकाळ फुलत राहिली. त्यांतील एका वाणाला त्यांचेच नाव मिळाले.

हिमालयाचा नकाशा

आकड्यांच्या यादीवर थांबणारा त्यांचा पिंड नव्हता. जास्त संचांच्या जाती कोठे सापडतात, हे त्यांनी भूगोलावर मांडून पाहिले. कोरड्या वायव्य हिमालयापेक्षा दमट पूर्व हिमालयात गुणसूत्रवाढीचे प्रमाण अधिक दिसले. चीन, मलाया आणि भारत यांच्या वनस्पती तेथे एकत्र येतात, त्यांचे संकर होतात, संच दुप्पट होतात आणि नव्या जाती उदयास येतात, अशी उपपत्ती त्यांनी मांडली. वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत आपण जाती हाच शब्द वापरतो. ज्या समाजात जातींची सरमिसळ हे लांच्छन मानले जात होते, त्या समाजातून आलेल्या या स्त्रीने निसर्गात मात्र सरमिसळीतूनच सामर्थ्य निर्माण होते, हे पुराव्यानिशी दाखविले. त्यावर त्यांनी कधी सामाजिक भाष्याचा आव आणला नाही.

मायदेशाची हाक

१९५१ मध्ये पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या निमंत्रणावरून त्या भारतात परतल्या. १९५२ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुनर्रचनेसाठी विशेष अधिकारी म्हणून त्यांची नियुक्ती झाली. भारतातील वनस्पतींचे नमुने इंग्रजांनी गोळा करून लंडनला नेले. आता भारतीयांनी आपल्या भूमीत, आपल्या गरजेनुसार हा अभ्यास उभा करावा, ही त्यांची धारणा होती. १९५५ मध्ये पुणे आणि कोइमतूर येथे सर्वेक्षणाची विभागीय कार्यालये सुरू झाली. मात्र १९५४ मध्येच संस्थेच्या प्रमुख वनस्पतिशास्त्रज्ञपदी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांची निवड झाली होती. सांतापाव यांची योग्यता निर्विवाद होती. पण ज्या घराची आखणी आपण केली, त्याच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती गेल्याचे दुःख जानकी यांना जिव्हारी लागले. त्यानंतरही अलाहाबादची केंद्रीय वनस्पती प्रयोगशाळा, जम्मूची प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा आणि काही काळ मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र, असा त्यांचा प्रवास चालू राहिला.

याच काळात त्यांच्या विचारांना नवे वळण मिळाले. अधिक धान्य पिकविण्याच्या मोहिमेत जंगले उजाड होत होती. आसामच्या त्या भागात मॅग्नोलियाच्या एका दुर्मीळ जातीचे एकच झाड उरले असल्याचे कळल्यावर त्या शिलाँगपासून सुमारे ३७ मैलांचा प्रवास करून ते पाहण्यास गेल्या. तेथे पोहोचल्यावर झाड जाळून टाकल्याचे आढळले. ज्या वंशाचा शेवटचा साक्षीदारच नाहीसा झाला, त्याची गुणसूत्रे कोण मोजणार? १९५५ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे मानवाच्या पृथ्वीवरील परिणामांविषयी ऐतिहासिक परिषद भरली. तिला निमंत्रित केलेल्या त्या एकमेव महिला होत्या. भारतातील निर्वाह शेती आणि आदिवासींचे वनस्पतिज्ञान, हा विषय त्यांनी तेथे मांडला.

अखेरचा लढा

१९७० च्या नोव्हेंबरमध्ये त्या मद्रासला स्थायिक झाल्या आणि मद्रास विद्यापीठाच्या मदुरवोयल येथील क्षेत्र प्रयोगशाळेत औषधी वनस्पतींवर काम करू लागल्या. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. राहणी अगदी साधी, गांधीविचारांची. अंगावर बहुधा पिवळी साडी. संसार केला तो झाडांशी. ऐंशी वर्षांच्या या वृद्धेने केरळच्या सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर होऊ घातलेल्या जलविद्युत प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात उडी घेतली. तेथील वृक्षांच्या गुणसूत्रांचे सर्वेक्षण करण्याचे कामही त्यांनी अंगावर घेतले. भावनेच्या जोडीला पुरावा असावा, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त होती. अखेर प्रकल्प मागे पडला आणि १५ नोव्हेंबर १९८४ रोजी सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. तो दिवस पाहण्यास जानकी नव्हत्या. त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी, प्रयोगशाळेत काम करीत असतानाच त्यांचे निधन झाले होते. १९९९ पासून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने वनस्पती वर्गीकरणासाठी त्यांच्या नावे राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला.

मराठवाड्याला त्यांच्या आयुष्याचा संदर्भ लागतो, तो येथेच. को ८६०३२ असो वा फुले २६५, कोणताही वाण कायम टिकत नाही. रोग येतो, पाणी कमी पडते, जमीन क्षारपड होते आणि पैदासकाराला पुन्हा रानातील नातेवाइकांच्या दारात उभे राहावे लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हापासून कमी पाण्यावर येणाऱ्या उसाची चर्चा या भागात वारंवार होते. तो काटकपणा शोधायचा, तर कास आणि त्याच्या भाऊबंदांतच शोधावा लागणार आहे. उसाच्या वाणांचा जागतिक संग्रह आज कोइमतूर संस्थेच्या कण्णूर येथील केंद्रात जपला जातो. जानकी यांची तलश्शेरी याच कण्णूर जिल्ह्यात आहे. विष्णुपुरीच्या काठावर मात्र कासाला असा कोणी राखणदार नाही. वाळू उपसा, अतिक्रमण आणि तणनाशके यांतून जे तगेल तेवढेच उरणार आहे. तुरे फुलले असताना गोदावरीकडे जाणाऱ्या शेतकऱ्याने त्या पांढऱ्या गवताकडे एकदा थांबून पाहिले, तरी जानकी अम्मल यांचे स्मरण घडेल.